ओडेल लेक, वारा आणि कोकॅनीचा स्पीड: प्रकल्प नोंदी

24 मे

आजपासून लिहून ठेवतोय. मासा कुठल्या दिशेला जाताना लागला, तेव्हा वारा किती होता, गळापुढचा डॉजर कुठला होता, हे सगळं दोन आठवड्यांत डोक्यात एकमेकांत मिसळून जातं आणि मग पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात. प्रोजेक्ट एकच आहे, वारा सुटल्यावर कोकॅनी माशासाठी ट्रोलिंगचा, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेण्याचा, स्पीड कसा धरायचा. शांत पाण्यावर हा प्रश्न जवळपास सुटलेला आहे, कोणालाही विचारा, ताशी 1.0 ते 1.5 मैलांच्या मधे कुठेतरी सांगतात आणि ते बरोबरच असतं. पण ओरेगनच्या डोंगरातल्या ओडेल तलावावर शांत पाणी मिळतं सकाळी दहापर्यंत. त्यानंतर विलामेट पास या खिंडीकडून पश्चिमेचा वारा खाली उतरतो, तलाव साधारण सहा मैल लांब आणि वाऱ्याच्याच रेषेत पसरलेला, त्यामुळे पूर्वेच्या टोकाला पोहोचेपर्यंत लाटांना पांढरा फेस आलेला असतो. बहुतेक लोक तेव्हा बोटी बाहेर काढतात. आम्ही हिल्सबरोहून येतो, मागे बोट असली की चार तास धरायचे, एवढं येऊन दहा वाजता गाशा गुंडाळायचा हे मनाला पटत नाही.

आधी आम्ही ग्रीन पीटर धरणावर जायचो, जवळ पडायचं आणि कोकॅनी भरपूर. 2023 च्या ऑक्टोबरात साल्मनच्या पिल्लांना खाली जायला वाट मिळावी म्हणून कोर्टाच्या आदेशाने त्या धरणाचं पाणी खूप खाली उतरवलं, त्यात हजारो कोकॅनी धरणातून ओढले गेले आणि दाब एकदम बदलल्यामुळे मेले. साल्मनसाठी प्रयत्न व्हायलाच पाहिजेत याबद्दल माझं दुमत नाही, पण ते मेलेले मासे बघून वाईट वाटलं ते वाटलंच. तेव्हापासून ओडेल.

ज्यांनी हा मासा बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकॅनी म्हणजे समुद्रात न जाणारा सॉकाय साल्मन, अख्खं आयुष्य गोड्या पाण्यात काढतो, तीन-चार वर्षांचा झाला की शरदात लाल होतो, अंडी घालतो आणि मरतो. खातो प्लँक्टन, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसतील असे जीव. त्यामुळे भूक लागली म्हणून तो तुमच्या गुलाबी हूचीवर, म्हणजे झालरीच्या रबरी आमिषावर, येतच नाही, तो येतो चिडून किंवा कुतूहलाने, आणि ते चिडणं पूर्णपणे गळाच्या चालीवर आहे. पुढे डॉजर असतो, म्हणजे चकचकीत पत्र्याची वाकवलेली पट्टी, ती डावी-उजवी झुलते आणि मागच्या दहा-बारा इंच लीडरवरच्या, म्हणजे दोरीच्या तुकड्यावरच्या, आमिषाला झटके देते. स्पीड कमी पडला की डॉजर नुसता लोंबकळत ओढला जातो, जास्त झाला की गोल गोल फिरतो आणि लीडरला पीळ पडतो. म्हणून स्पीड एवढा महत्त्वाचा.

बोट 16 फुटी अॅल्युमिनियमची, मागे 9.9 हॉर्सपॉवरची किकर, म्हणजे छोटं इंजिन, पुढे जीपीएसवाली इलेक्ट्रिक मोटर, हाताने फिरवायचे दोन डाउनरिगर, म्हणजे केबलवर जड बॉल सोडून गळ हव्या त्या खोलीवर नेणाऱ्या चरख्या, रॉडची दोरी क्लिपने तिथे अडकवायची, आणि आठ पौंडांचे बॉल. बरोबर दादा, म्हणजे माझा मामेभाऊ. सगळे स्पीड ताशी मैलात लिहीन, इथे तेच चालतं. 1.2 म्हणजे ताशी दोन किलोमीटरला जरा कमी, पार्कात आजोबा काठी टेकत चालतात त्याच्यापेक्षाही हळू.

आज वारा नव्हता तेवढ्यात एक काम केलं जे खरं तर प्रत्येकाने सीझनच्या सुरुवातीला करावं. प्रत्येक डॉजर बोटीच्या बाजूला फूटभर पाण्यात धरून स्पीड हळूहळू वाढवत गेलो. साडेचार इंची साधा डॉजर 0.8 ला झुलायला लागतो, 1.1 ते 1.3 ला मस्त रुंद झोका घेतो, 1.5 च्या पुढे उलटतो. मॅक्स कंपनीचा स्लिंग ब्लेड नावाचा डॉजर, तो अरुंद असल्यामुळे 1.0 ला सुस्त वाटतो पण 1.8 पर्यंत कुठेही उलटत नाही. रॉडचं टोकही बघून ठेवलं, साध्या डॉजरचा झोका बरोबर बसला की टोक एकसारखं धडधडतं, दहा सेकंदांत चौदा-पंधरा ठोके. हा आकडा पुढे फार कामाला येणार आहे असं वाटतंय.

7 जून

आज खरा डेटा मिळाला.

साडेदहाला वारा आला, अकरापर्यंत 12 मैलांच्या आसपास. माझ्या रॉडचा गळ 15 फूट खोल, दादाचा 60. वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघालो, जीपीएस 1.2 दाखवतंय, आणि माझ्या रॉडचं टोक जवळपास मेलेलं, ठोके मोजले तर नऊ-दहा. दादाचा रॉड मात्र जोरात धडधडतोय, सतरा-अठरा. बोट एकच, दोरी एकाच जातीची, डॉजर सारखेच. दादा म्हणाला, "तुझ्या गळाला काहीतरी कचरा अडकलाय, वर घे." वर घेतला, काही नव्हतं, स्वच्छ. परत सोडला, परत तेच.

मग बोट वळवून वाऱ्याविरुद्ध पश्चिमेकडे निघालो, जीपीएस तोच 1.2 ठेवला. आणि चित्र उलटं झालं, वरचा रॉड धडधडायला लागला आणि खालचा सुस्तावला. दोन्ही दिशांना परत परत करून बघितलं, दर वेळी तसंच.

कारण पाण्यातच आहे. वारा वरचं पाणी ढकलत नेतो, ढोबळमानाने वाऱ्याच्या दोन ते तीन टक्के वेगाने, म्हणजे 12 मैलांच्या वाऱ्याला वरचं पाणी ताशी पाव मैलाच्या पुढे सरकतं. ऐकायला फालतू वाटतं, पण आपला सगळा खेळच 1.1 आणि 1.4 च्या मधला आहे, तिथे पाव मैल म्हणजे सगळंच. आता पूर्वेच्या टोकाला जमा झालेलं पाणी जाणार कुठे, तर ते खालून परत पश्चिमेकडे येतं. म्हणजे वर एक प्रवाह, खाली उलटा प्रवाह. वाऱ्याबरोबर जाताना वरचा गळ वाहत्या पाण्याच्या सोबत जातो म्हणून त्याला स्पीड कमी मिळतो, खालचा गळ समोरून येणाऱ्या पाण्यात घुसतो म्हणून त्याला जास्त. जीपीएस बिचारं जमिनीच्या हिशोबाने बरोबर सांगतंय. माशाला जमिनीशी काय घेणं, त्याला पाण्यातून गळ कसा येतो तेवढंच दिसतं.

या अख्ख्या प्रोजेक्टचा पाया हाच धरून चालणार आहे, जीपीएसचा आकडा म्हणजे गळाचा स्पीड नाही, आणि वाऱ्यात तर दोघांचा संबंध दिशेनुसार आणि खोलीनुसार बदलतो. "आज 1.3 ला लागत होते" असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या दिशेला जाताना आणि किती फुटांवर.

मासे सगळे खालच्या रॉडवर आले. वाऱ्याबरोबर जाताना 1.0 ते 1.1 जीपीएसला, आणि वाऱ्याविरुद्ध जाताना 1.4 पर्यंत वाढवल्यावर.

8 जून

सकाळी गारठा, बोटीत बसायला नको वाटत होतं. नऊपर्यंत पाणी सपाट, वारा शून्य, आणि तरीही 60 फुटांवरचा रॉड पूर्वेला जाताना किंचित जोरात चालत होता. म्हणजे काल दुपारच्या वाऱ्याने हललेलं पाणी रात्रभरात थांबलेलं नव्हतं. वारा गेला म्हणून हिशोब संपला असं नाही, हे लक्षात ठेवायचं.

21 जून

ठोके मोजणं चांगलं आहे पण लाटा मोठ्या झाल्या की बोटीच्या हेलकाव्याने रॉडचं टोक आपोआप वरखाली होतं आणि ठोका कुठला, लाट कुठली कळत नाही. डाउनरिगरच्या बॉलवर बसवून तिथला स्पीड आणि तापमान वर पाठवणारी यंत्रं मिळतात, पण महाग आहेत, आणि मला आधी बघायचं होतं की त्याशिवाय काय होतं.

लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. भारतातून आलेली कॅमलिनची पेटी, आजीने दिलेली, त्यातला पारदर्शक अर्धगोल. तो डाउनरिगरच्या आडव्या दांड्याला टेपने लावला, मधल्या भोकातून दोरा ओवून खाली शिशाचं छोटं वजन बांधलं. दोरा सरळ खाली लोंबतो, केबल मागे तिरपी जाते, दोघांमधला कोन कोनमापकावर वाचायचा. लेक आज बरोबर होती, लाइफ जॅकेट घालून तिथेच मांडी ठोकून बसली, आणि काम तिने स्वतःहून ताब्यात घेतलं.

सकाळी वारा नसताना 70 फूट केबल सोडून दोन्ही दिशांना मोजलं आणि मधला आकडा धरला. 1.2 ला कोन 12 अंश. 1.5 ला 18. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 1.2 वरून 1.5 म्हणजे वेग सव्वापट, विरोध दीडपटीच्याही थोडा वर, आणि कोन जवळपास तेवढ्याच हिशोबात वाढला. म्हणजे केबलचा कोन हाच पाण्याखालचा स्पीडोमीटर आहे, फक्त बॉल तोच पाहिजे आणि केबल तेवढीच सोडलेली पाहिजे. बॉल बदलला किंवा 40 फुटांवर गेलो की नवीन आकडे काढायचे.

एक बारीक गोष्ट, कोन वाढला की बॉल वर येतो. 70 फूट केबल 30 अंशांवर असेल तर सरळ गणिताने बॉल 61 फुटांच्या आसपास. केबल प्रत्यक्षात सरळ नसते, वर जास्त तिरपी आणि खाली कमी, त्यामुळे खरा बॉल त्याहून थोडा खालीच असतो. तरी सोनारवर मासे 68 ला दिसतायत आणि आपण 70 सोडलंय म्हणून निवांत बसलो तर वाऱ्यात गळ त्यांच्या बऱ्याच वरून जाऊ शकतो. थोडा वरून गेलेला चालतो, कोकॅनी वर बघतो आणि वर येतो. खालून गेलेला मात्र वाया.

वारा आल्यावर मी जीपीएसकडे बघणं बंद केलं. लेक ओरडायची, "बाबा, सोळा झाले!" की मी मोटर एक टप्पा कमी करायचो, "दहा, दहा, कमी झाले!" की वाढवायचो. पूर्वेला जाताना 12-13 अंश राखायला जीपीएस 1.05 लागत होतं, पश्चिमेला 1.4. दोन्ही दिशांना मासे लागले. आधी वाऱ्याविरुद्ध जाताना आम्ही जवळजवळ रिकामेच जायचो, त्यामुळे आज दादा पण खूश.

कोन बाजूलाही बघावा असं दुपारी लक्षात आलं. केबल सरळ मागे न जाता उत्तर किनाऱ्याकडे कललेली होती, आणि बोटीचं नाक तर बरोबर पूर्वेला. म्हणजे एकतर वाऱ्याने बोट तिरकी सरकत होती किंवा खालचं पाणी आडवं वाहत होतं. दोन्ही डाउनरिगरच्या केबली एकाच बाजूला कलल्या तर त्या बाजूच्या रॉडची दोरी दुसऱ्याच्या केबलीत जायचा धोका, तेव्हा एका बॉलला निदान 15 फूट वर ठेवायचं.

12 जुलै

आज वारा 15 च्या वर, झोत 20 चे. अशा वाऱ्यात मुख्य अडचण स्पीड वाढवायची नसते, कमी करायची असते. किकर न्यूट्रलला टाकली तरी बोट 1.7 ने वाऱ्याबरोबर पळतेय, हलकी अॅल्युमिनियमची बोट म्हणजे वाऱ्याला सगळी बाजू उघडी.

ड्रिफ्ट सॉक आणलाय, तीस इंची, कापडाची पाण्यात उघडणारी पिशवी, तोंड मोठं आणि शेपटीला छोटं भोक. बोटीच्या पुढच्या क्लीटला, म्हणजे दोरी बांधायच्या खुंटीला, बांधला, दोरी एवढीच ठेवली की सॉक डाउनरिगरच्या केबलीच्या पुढेच राहील. शेपटीला वेगळी ओढदोरी बांधलीच पाहिजे, मासा लागल्यावर किंवा घाई झाल्यावर ती ओढली की सॉक उलटा होऊन रिकामा वर येतो, नाहीतर पाण्याने भरलेला सॉक एका माणसाला ओढवत नाही. काही लोक पाच गॅलनच्या बादल्यांना भोकं पाडून वापरतात, तेही चालतं, फक्त बादलीची मूठ तुटते.

सॉकने 1.7 चं 1.1 झालं. पण मला आवडलं ते दुसरंच. सॉक ओढायला मोटरला थोडा जोर लावावा लागतो, त्यामुळे मोटर सतत लोडवर राहते, बोटीचं नाक इकडेतिकडे फिरत नाही आणि स्पीडची धरसोड कमी होते. आधी पाच सेकंदात 0.8 ते 1.7 असा झोका जात होता, सॉक टाकल्यावर 1.0 ते 1.3. कोनमापकावरचा दोराही शांत. मला तर वाटतं वाऱ्यात सरासरी स्पीडपेक्षा हा झोका आवरणं जास्त महत्त्वाचं. थोडंफार कमीजास्त मासा चालवून घेतो, लाट बोटीला ढकलते तेव्हा डॉजर उलटतो आणि लाट सोडते तेव्हा आमिष मेल्यासारखं खाली पडतं, हे मात्र नाही.

सुरक्षेचं एकदाच लिहितो. ओरेगनमध्ये बोट चालू असताना 12 वर्षं आणि त्याखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे, आमच्या बोटीत सगळेच घालतात. इंजिन बंद करायची दोरी मनगटाला, छोट्या बोटी वेगात चालवताना तो नियम 2021 पासून देशभर आहे. 4,700 फुटांच्या वरचं पाणी जुलैतही गार असतं, पडलेला माणूस फार वेळ हातपाय मारू शकत नाही. झोत 20 च्या पुढे गेले आणि आम्ही बाहेर पडलो, डेटा गेला तरी चालेल.

19 जुलै

वारा 10-12, लाटा दीड फुटी. आज सॉक न टाकता काय काय करता येतं ते बघितलं.

सरळ वाऱ्याबरोबर जाण्याऐवजी लाटांना तिरकं, साधारण 30 अंशांनी कापत गेलो. मागून येणारी लाट बोटीला उचलून सरळ पुढे फेकते ते कमी होतं, बोट डोलते जास्त पण पळते कमी. दादाला डोलणं सहन होत नाही, त्याने आल्याची वडी तोंडात धरली आणि मुकाट्याने बसला.

क्लिपपासून गळापर्यंतची दोरी आम्ही 25 फूट ठेवायचो, आज 60 केली. दोरी नायलॉनची आहे, ताणते, जितकी लांब तितकी जास्त ताणते, लाटेचा अर्धा झटका तिच्यातच मुरतो. ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे वाऱ्यात ब्रेडवाला रॉड ठेवायचाच असेल तर पुढे नायलॉनचा लांब तुकडा जोडावा. फरक दिसला, 60 फुटांवरच्या डॉजरचे ठोके लाटांतही मोजता येत होते.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट दुपारी. वारा वाढला, 1.5 च्या खाली यायला तयार नाही, सॉक गाडीत. मग स्पीड सोडून दिला आणि गळ बदलला. साधा डॉजर काढून स्लिंग ब्लेड लावलं, जे 1.8 पर्यंत नीट चालतं हे मे महिन्यात बोटीच्या बाजूला बघून ठेवलं होतं, आणि हूचीच्या जागी छोटा स्पिनर, म्हणजे गोल फिरणारं पातं असलेलं आमिष. लगेच मासा. नंतर अजून. म्हणजे आपल्याला हव्या त्या स्पीडला बोट आणता येत नसेल तर वारा जो स्पीड देतोय त्या स्पीडला चालणारं लावायचं, त्याच्याशी भांडत बसायचं नाही. डब्यात आता दोन कप्पे केलेत, एक 1.3 च्या खालचं, एक वरचं, आणि प्रत्येक डॉजरवर मार्करने त्याची रेंज लिहिली आहे.

मक्याचे दाणे दोन्हीला लावतो, पांढरा बारीक मका, ट्यूनाच्या तेलात रात्रभर मुरवलेला. हूकवर दोन दाण्यांच्या वर नाही, जास्त लावले की आमिष जड होऊन चाल बिघडते आणि परत स्पीडचाच घोळ.

20 जुलै

लागून तीन दिवस पश्चिमेचा वारा वाहिला. आज सकाळी शेल्टर कोव्हकडून, म्हणजे पश्चिम टोकाकडून सुरुवात केली आणि मासे 35 फुटांवर सापडले, गेल्या आठवड्यात इथेच 55 ला होते. मग पूर्वेला गेलो, तिकडे 65-70.

बॉलला तापमान नोंदणारा छोटा लॉगर बांधला होता, घरी येऊन बघितलं. कोकॅनीला आवडणारं 50 ते 54 फॅरनहाइटचं पाणी, म्हणजे 10-12 सेल्सिअस, पश्चिमेला वर आलेलं होतं आणि पूर्वेला खाली दबलेलं. वारा वरचं कोमट पाणी पूर्वेला लोटत नेतो, तिथे कोमट थर जाड होतो, आणि त्याच्या उलट्या टोकाला खालचं गार पाणी वर सरकतं. वारा थांबला की हे थर लगेच सपाट होत नाहीत, हेलकावत राहतात. पूर्ण तलावाचं पाणी असं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुलतं त्याचा अभ्यास फोरेल नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात जिनिव्हाच्या सरोवरावर केला, त्याला सेश म्हणतात. पाण्याच्या आतल्या थरांचा हेलकावा तर वरून दिसतही नाही. 8 जूनच्या सकाळी वारा नसताना खालचं पाणी का चालत होतं त्याचं उत्तर इथेच असावं.

आपल्यासाठी अर्थ असा, की वारा चालू असलेल्या दिवसांत पश्चिम टोकाला मासे उथळ मिळतात, उथळ म्हणजे केबल कमी, कोन कमी, बॉलवर ताबा जास्त. शिवाय तिथे डोंगराचा आडोसा आहे आणि लाट अजून मोठी झालेली नसते. पूर्वेच्या टोकाला सगळंच अवघड. तरी अर्ध्या बोटी तिकडेच असतात, कारण तिकडचा रॅम्प, म्हणजे बोट पाण्यात उतरवायचा उतार, सोयीचा पडतो.

2 ऑगस्ट

मासे लागतायत पण अर्धे बोटीपर्यंत येत नाहीत, म्हणून आज फक्त त्याच्यावर लक्ष. कोकॅनीचं तोंड कागदासारखं पातळ, थोडा झटका बसला की हूक फाडून निघतो. वाऱ्यात लाट बोटीला पुढे ढकलते, त्याच क्षणी मासा मागे ओढतो, दोरी ताठ आणि खेळ खलास.

ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, एवढा सैल केला की हाताने दोरी सहज ओढता यावी. डॉजरच्या पुढे स्नबर, म्हणजे झटका शोषून घेणारा रबरी तुकडा, लावला. आणि मासा लागल्यावर मोटर बंद केली नाही, हे महत्त्वाचं, बंद केली की वाऱ्यात बोट आडवी होते, दोरी ढिली पडते, मासा सुटतो. मोटर चालू ठेवून 0.7-0.8 पर्यंत उतरवायचं, म्हणजे दोरीवर हलका ताण राहतो. जाळी धरणाऱ्याने वारा बोटीला ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूला उभं राहायचं नाही, मासा बोटीखाली जातो.

वळणांवरूनही शिकायला मिळालं. बोट वळते तेव्हा आतला रॉड हळू होतो आणि बाहेरचा जोरात. सकाळी सगळे मासे वळणावर बाहेरच्या रॉडला लागत होते, म्हणजे त्यांना जास्त स्पीड हवा होता, कोन 15-16 ला नेला आणि सरळ जातानाही लागायला लागले. अकरानंतर आतल्या रॉडला, तेव्हा 11 ला उतरवला. त्यामुळे आता आम्ही सरळ रेषेत जातच नाही, मोठे नागमोडी वळसे घेत जातो, मासाच सांगतो काय पाहिजे ते.

एक बुल ट्राउट आला, कोकॅनीच्या मागे मागे आला असणार. संरक्षित मासा आहे, पाण्यातून वर न काढता हूक काढून सोडला. नवीन येणाऱ्यांनी बुल ट्राउट आणि मॅकिनॉ, म्हणजे लेक ट्राउट, यांच्यातला फरक आधी शिकून मगच इथे गळ टाकावा. बुल ट्राउटच्या पाठीवरच्या पंखावर ठिपके नसतात आणि शेपटीची खाच उथळ, मॅकिनॉच्या पंखावर ठिपके असतात आणि खाच खोल. खात्री नसेल तर सोडून द्या.

16 ऑगस्ट

विशेष काही नाही. वारा 8 च्या पुढे गेला नाही. पूर्वेला 1.1, पश्चिमेला 1.3, कोन 12, मासे लागत राहिले, बारा-तेरा इंची. दक्षिणेच्या काठाने मालगाडी गेली तेव्हा दादाने सहज वेळ बघितली, सव्वाबारा, आणि म्हणाला, "या वेळेला आधी आपण युजीनच्या पुढे पोहोचलेलो असायचो घरी जाताना." घरी बायकोने रवा लावून तळले, लाल मांस, तेल सुटतं, मीठ-हळद-तिखटाच्या पलीकडे काही लागत नाही.

30 ऑगस्ट

नरांच्या पाठी वर यायला लागल्यात, जबडे वाकायला लागलेत, कातडी काळपट-लालसर. मांस पांढरट आणि मऊ पडायला लागलं. आता यांना यांच्या कामाला जाऊ द्यायचं, आमचा सीझन इथे संपला.

पुढच्या वर्षीसाठी कामं लिहून ठेवतो. आठ पौंडाच्या जागी बारा पौंडाचे बॉल घेऊन 40, 70 आणि 100 फुटांचे कोन परत काढायचे, जड बॉलचा कोन कमी राहील आणि लाटांत हलेल कमी, पण मग स्पीडचा फरकही कोनमापकावर कमी दिसेल, तेव्हा कुठलं वजन वाचायला सोपं पडतं ते बघायचं. दुसऱ्या डाउनरिगरवरही कोनमापक लावायचा, म्हणजे 30 आणि 70 फुटांवरचा स्पीड एकाच वेळी कळेल आणि प्रवाह नेमका कुठे उलटतो ते सापडेल. लेकीने तिचा कोनमापक परत मागितलाय, शाळा सुरू होतेय, तेव्हा दोन नवीन आणायचे. सॉक गाडीत नाही, कायम बोटीत ठेवायचा.